घोळणा फुटणाऱ्या मुलाला तपासणीसाठी नेताना

घोळणा फुटलेल्या मुलाच्या तपासणीत एक मोठी अडचण असते. डॉक्टरांसमोर जाईपर्यंत नाक कोरडं झालेलं असतं. रात्री अडीचला उशीचा अभ्रा लाल झालेला दिसतो, घर जागं होतं, आजी कांदा फोडून आणते, बाबा डोक्यावर पाणी मारतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पनवेलच्या एखाद्या दवाखान्यात नंबर लावून आत जावं, तर पोरगं खुर्चीत पाय हलवत बसलेलं, नाक स्वच्छ, चेहरा टवटवीत. डॉक्टर विचारतात, "कुठल्या नाकपुडीतून आलं? किती वेळ चाललं?" आई बाबांकडे बघते, बाबा आईकडे. शेवटी उत्तर निघतं, "बरंच आलं हो, डॉक्टर."

या ‘बरंच’वरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं, ताप थर्मामीटरवर दिसतो. घोळणा फुटून गेला की मागे उरते ती घरच्यांची आठवण, आणि घाबरलेल्या माणसाच्या आठवणीवर फार विसंबता येत नाही. म्हणून या तपासणीची निम्मी तयारी घरीच करावी लागते. डॉक्टरांना जे दिसणार नाही ते नीट टिपून न्यायचं, आणि जे दिसायला हवं ते मुलाने दाखवू द्यावं म्हणून त्याचं मन तयार करायचं. नाकात बॅटरीचा उजेड पडताच मूल किंचाळून तोंड फिरवू लागलं, तर उत्तमातला उत्तम तज्ज्ञही हतबल होतो.

आधी थोडा धीर. दोन ते दहा वर्षांच्या मुलांचा घोळणा फुटणं अतिशय सर्वसाधारण आहे, आणि बहुतेक वेळा रक्त नाकाच्या अगदी पुढच्या भागातून येतं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांच्यावरची त्वचा इतकी पातळ असते की ती सुकली, खरवडली गेली किंवा जोरात शिंकरलं तरी फुटते. अमेरिकेतले शल्यचिकित्सक लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मनीतले कीसेलबाख यांनी १८८४ मध्ये या जागेचं वर्णन केलं. आजही डॉक्टर टॉर्च घेऊन सर्वांत आधी तिथेच बघतात. ‘मेंदूतली शीर फुटली’ ही धास्ती घराघरात असते. ती मनातून काढून टाका. तिथल्या रक्ताचा आणि या रक्ताचा संबंध नाही.

पनवेल खाडीकाठचं, एरवी दमट हवेचं गाव. तरी ऑक्टोबरच्या उन्हात आणि थंडीतल्या कोरड्या वाऱ्यात मुलांची नाकं सुकतात. त्यात रात्रभर एसी. शिवाय महामार्ग, विमानतळ, खारघर-कामोठ्यापर्यंत उभे राहणारे टॉवर, तळोज्याकडचे ट्रक यांची धूळ वर्षानुवर्षं उडतेच आहे. धुळीची ॲलर्जी असलेलं मूल दिवसभर नाक चोळतं, खपली धरली की बोट घालतं, खपली निघते, पुन्हा रक्त येतं. घरात त्याला ‘उष्णता वाढली’ म्हणतात आणि गुलकंद सुरू होतो. गुलकंद खाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. पण त्याने नाकातली खपली भरत नाही, आणि गुलकंद चालू आहे म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नका.

तपासणीला जायच्या आधी घोळणा पुन्हा फुटू शकतो, अगदी रिक्षातसुद्धा. तेव्हा काय करायचं हे घरात सगळ्यांना आणि मुलालाही आलं पाहिजे. मुलाला ताठ बसवा, मान किंचित पुढे झुकवा. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीत दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तोंडात रक्त आलं तर थुंकायला लावा. घड्याळ बघून पूर्ण दहा मिनिटं दाबून ठेवा, मध्ये सोडून ‘थांबलं का’ हे बघू नका. बहुतेक घरांत नेमकी इथेच चूक होते. दर मिनिटाला हात काढला की गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. मान मागे टाकू नका, आडवं झोपवू नका. रक्त घशातून पोटात जातं, मग मळमळून काळपट उलटी होते आणि सगळे आणखी घाबरतात. कांदा हुंगवणं, डोक्यावर पाण्याची धार धरणं, नाकात हळद किंवा कापूस कोंबणं यात ती मोलाची दहा मिनिटं वाया जातात. शिवाय कापूस काढताना खपली निघते ती वेगळीच.

दहा मिनिटांत थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं दाबा. तरीही वाहत असेल तर दवाखान्याची वेळ बघू नका, सरळ रुग्णालय गाठा. पडल्यानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर रक्त आलं, मूल पांढरंफटक पडलं, चक्कर येऊ लागली, ते सारखं गिळतंय आणि घशात रक्त उतरतंय, तर १०८ ला फोन करा. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकातून रक्त येणं नेहमीचं नाही, त्याला त्याच दिवशी दाखवा. अंगावर कारण नसताना निळे डाग उठत असतील, त्वचेवर लाल बारीक ठिपके दिसत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल तरीही तेच. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ताप असताना घोळणा फुटला, तर डेंग्यूचा विचार आधी करायचा, आणि तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरं औषध मनाने द्यायचं नाही.

एक गोष्ट घाईघाईत सुटते. एकाच नाकपुडीतून रक्त येतंय, त्याच बाजूने घाण वासाचा शेंबूड येतोय, तर लहान मुलाने आत मणी, चिंचोका, खडू, रबराचा तुकडा असं काही घातलेलं असण्याची दाट शक्यता असते. ती खेळण्यातली किंवा रिमोटमधली गोल चपटी बटण-बॅटरी असेल, तर काही तासांत आतला पडदा जळतो. अशी नुसती शंका आली तरी रात्र उलटू देऊ नका. मुलाला विचारताना आवाज खाली ठेवा. "मी ओरडणार नाही, फक्त सांग, नाकात काही गेलंय का?" रागावून विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

हे सारं नसेल, पण घोळणा वरचेवर फुटत असेल, तर शांतपणे वेळ घेऊन तपासणीला जा. माझ्या मते आठवड्यात दोनदा, किंवा महिनाभर अधूनमधून असं चाललं असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

टिपून ठेवायचं काय

शाळेची एखादी अर्धवट वापरलेली वही पुरेल, मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. प्रत्येक वेळी तारीख आणि वेळ लिहा. रक्त कुठल्या बाजूने सुरू झालं ते लिहा, कारण पुढे दोन्हीकडून आलं तरी पहिली बाजू महत्त्वाची असते. नीट दाबून धरल्यावर किती मिनिटांत थांबलं हे घड्याळावरून लिहा. तेव्हा मूल काय करत होतं? झोपेत होतं, खेळून आलं होतं, आंघोळ चालली होती, शिंकलं होतं, की रडत होतं? सर्दी होती का? किती रक्त आलं हे चमच्यांत सांगता येत नाही आणि घाबरलेल्या डोळ्यांना ते नेहमी दुप्पट दिसतं. त्यापेक्षा भिजलेल्या रुमालाचा किंवा उशीचा फोटो काढून ठेवा. रुमालाशेजारी हात ठेवून फोटो काढला की डॉक्टरांना अंदाज येतो. दुसऱ्या दिवशीची शी काळी होती का, हेही बघा. रक्त गिळलं गेलं असेल तर ती काळी होते.

असं दोन-तीन आठवडे लिहिलं की वही स्वतःच बोलू लागते. प्रत्येक वेळी पहाटे आणि उजव्याच बाजूने रक्त येत असेल, तर त्याचा अर्थ वेगळा. पंधरा वर्षांच्या मुलाची एकच नाकपुडी कायम चोंदलेली आणि त्याच बाजूने जोरात रक्त येत असेल, तर अर्थ आणखी वेगळा. वाढत्या वयातल्या मुलग्यांत नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांची एक गाठ क्वचित होते. ती कर्करोगाची नसते, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नसते. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांनीच बघावं आणि त्याच्या नाकात कुणी परस्पर काही खुडबूड करू नये.

ज्यांची मुलं आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहतात, त्यांच्यापाशी ही वही असणार नाही. पनवेल तालुक्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची कितीतरी मुलं अशी घराबाहेर शिकतात. तिथे अधीक्षकांना किंवा वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, ‘तारीख आणि मिनिटं एवढं तरी लिहा’. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. त्याचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. एका मुलावर त्यांना थोडाच वेळ देता येतो. त्या वेळात शिक्षकांनी ‘याचा घोळणा फुटतो’ असं म्हणण्याऐवजी लिहिलेला कागद पुढे केला, तर पुढची चिठ्ठी तिथल्या तिथे मिळू शकते.

घराण्याची चौकशी

वहीपेक्षाही मोलाची गोष्ट दवाखान्यात बहुतेकदा पोहोचतच नाही, आणि याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे.

फिनलंडमधले डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे ओलांड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी आली होती. तिचा घोळणा फुटायचा, लहानशी जखमही वाहत राहायची. तिच्या आधी तिच्या बहिणी अशाच रक्तस्रावाने गेल्या होत्या. फॉन विलेब्रांड फक्त त्या मुलीला तपासून थांबले नाहीत. त्यांनी तिच्या घराण्यातल्या ६६ माणसांची माहिती काढली आणि त्यातल्या २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. १९२६ मध्ये त्यांनी हा आजार जगापुढे मांडला. ती मुलगी वाचली नाही. वयात आल्यावर पाळीच्या रक्तस्रावाने ती गेली. रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांमध्ये हाच दोष आज सर्वांत जास्त आढळतो. त्याच्या सौम्य प्रकारात मूल एरवी ठणठणीत असतं, फक्त त्याचा घोळणा फुटतो. आणि त्याच्या आईची पाळी नेहमीच जास्त जात आलेली असते. तिला मात्र वाटत असतं की आपल्या घरात सगळ्याच बायकांचं असंच असतं.

आता आपल्याकडचं चित्र बघा. मुलाला दवाखान्यात नेतात बाबा किंवा आजोबा. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास?" तर ते सरळ म्हणतात, "नाही, कुणालाच नाही." आईच्या पाळीबद्दल त्यांना माहीत नसतं, माहीत असलं तरी बोलवत नाही. बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं होतं, हे आठवत नाही. आत्याची दाढ काढल्यावर रात्रभर रक्त येत होतं, हे तर कधीच कानावर आलेलं नसतं.

म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी दोन फोन करा, एक माहेरी आणि एक सासरी. आजीला विचारा, मावशीला विचारा, आत्याला विचारा. पाळी किती दिवस जाते, घरातल्या कुणाची पिशवी जास्त रक्तस्रावामुळे काढली का, बाळंतपणानंतर रक्त चढवलं का, दात काढल्यावर किंवा टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर त्रास झाला का. मुलाच्या मामाबद्दल आणि आईच्या मामाबद्दल वेगळं विचारा. हिमोफिलिया आईकडून मुलग्यांकडे उतरतो, आणि सांधे सुजणारा किंवा लहानपणीच गेलेला एखादा मामा त्याची खूण असू शकतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून आहे. आई-वडील नात्यातले असतील तर तेही न लाजता सांगा. काही दुर्मिळ दोष दोन्ही बाजूंनी आले तरच प्रकट होतात. आणि मूल मुलगी असेल, दहा-अकरा वर्षांची असेल, तर ही चौकशी आताच झालेली फार बरी. पहिली पाळी येण्याआधी माहिती असली तर तयारी करता येते.

सासूबाईंसमोर हे बोलायचा संकोच वाटत असेल तर आईने चिठ्ठीवर लिहून द्यावं. डॉक्टरांना चिठ्ठी चालते. मुलाबद्दलही असंच आठवा. लसीच्या जागी गाठ किंवा मोठा निळा डाग आला होता का, सुंता झाली असेल तर तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला का, दुधाचे दात पडताना काय झालं.

मग औषधांची पिशवी भरा. घरात मुलाला दिलं जाणारं सगळं त्यात टाका, लेबलांसकट. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेली तापाची औषधं रक्त गोठायला अडथळा आणतात. फिट्सच्या काही औषधांनीही हे होऊ शकतं. ॲलर्जीसाठी नाकात मारायचा फवारा पडद्याच्या दिशेने मारला तर त्यानेच घोळणा फुटतो. तो बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारायचा असतो. वापरता तसा डॉक्टरांना करून दाखवा. पनवेल हे आयुर्वेदाचं जुनं गाव. श्री धूतपापेश्वरचा कारखाना इथे १८७२ पासूनचा, आणि इथल्या जुन्या घरांत काढे, आसवं, तेलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दूर्वांचा रस नाकात घालणारी आजीही इथे भेटते. यातलं काहीही दिलं असेल तर मोकळेपणाने सांगा, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. तपासणीच्या दिवशी मात्र नाकात तूप, तेल, रस काही घालू नका, आणि नाक खरवडून स्वच्छही करू नका. खपली जिथे आहे तिथेच डॉक्टरांना दिसायला हवी.

मुलाची तयारी

वर्षभर ‘दूध पी, नाहीतर डॉक्टर सुई देतील’ असं म्हणायचं आणि तपासणीच्या दिवशी ‘डॉक्टरकाका किती चांगले’ म्हणायचं, हे मुलाला पटत नाही. ही धमकी घरातून आजच बंद करा.

चार वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगा. आठवडाभर आधी सांगितलं तर तो आठवडाभर घाबरतो. मोठ्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगा, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. काय सांगायचं? जे होणार आहे तेच. "तुझ्या नाकात आत एक छोटी जागा फुटते. डॉक्टर उजेड लावून ती बघणार. तुझ्या नाकाचं टोक अंगठ्याने वर करतील. तू छताकडे बघायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा."

मग याचा खेळ करा. मोबाइलची बॅटरी घ्या, आधी बाहुलीचं नाक बघा, मग आईचं, मग त्याला डॉक्टर करून बाबांचं नाक बघू द्या. शेवटी त्याची पाळी. नाकाचं टोक अंगठ्याने हळूच वर करायचं आणि वीसपर्यंत मोजायचं. नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायची सवयही याच खेळात करा. तपासणीला तर ती लागतेच, पण पुढच्या वेळी शाळेत घोळणा फुटला तर बाई येईपर्यंत मूल आपलं नाक आपण दाबून धरेल. आठ वर्षांच्या मुलाला हे छान जमतं, आणि आपल्या हाती काही आहे हे कळल्यावर त्याची रक्ताची भीती निम्मी होते.

सुईबद्दल खोटं बोलू नका. साधा घोळणा असेल तर बहुतेकदा रक्त तपासावंच लागत नाही. पण ‘सुई नाहीच’ असं वचन देऊ नका. "कदाचित रक्त तपासतील. दुखेल थोडं. मी हात धरून बसेन," असं सांगा. ‘काहीच नाही, मुंगी चावल्यासारखं’ हे एकदा खपतं, दुसऱ्या वेळी मूल दवाखान्याच्या पायरीशीच अडून बसतं. ‘मुलगे रडत नाहीत’ हेही नको. रडणं चालेल, हात हलवायचा नाही, एवढाच करार करा. भीती फार असेल तर सुईची जागा बधिर करणारं मलम मिळतं. ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणून आधीच फोनवर डॉक्टरांना विचारा.

मुलाच्या शांतपणाचा संबंध त्याच्या सुखाशी आहेच, पण तपासणीच्या निकालाशीही आहे. फॉन विलेब्रांड यांच्या नावाचा रक्तातला घटक रडारड, धडपड, ताप अशा ताणात वाढतो. चौघांनी धरून, किंचाळणाऱ्या मुलाचं रक्त काढलं तर तो घटक नेहमीपेक्षा जास्त दिसू शकतो, आणि दोष असूनही अहवालात सगळं ठीक येतं. म्हणून ही खास तपासणी करायची असेल तर मूल आजारी नसताना, शांत असताना करतात, आणि कधी पुन्हाही करतात. पुन्हा बोलावलं म्हणजे प्रयोगशाळेने चूक केली असं समजू नका.

निघताना पोटभर खायला घाला. साध्या रक्ततपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पाणी पाजा, म्हणजे शीर सहज सापडते. सोबत गडद रंगाचा टॉवेल घ्या, पांढऱ्या रुमालावरचं रक्त मुलाला जास्त घाबरवतं. एक जादा शर्ट, उलटीसाठी पिशवी, पाण्याची बाटली, आणि त्याचं त्याने निवडलेलं एक खेळणं. नखं आदल्या रात्री कापा. मोटारसायकलवर पुढे बसवून नेऊ नका. वाटेत रक्त सुरू झालं तर तुमचे हात हँडलवर अडकलेले असतील. रिक्षाच बरी.

आधी आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिथून गरज पडली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. पैशासाठी तपासणी अडवून धरू नका. कामोठ्याला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. रक्त गोठण्याच्या दोषाची दाट शंका असेल तर डॉक्टर परळला पाठवू शकतात. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, तिथे अशा दोषांवर खास काम चालतं. हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ. सकाळच्या गर्दीत लहान मुलाला घेऊन हा प्रवास जिवावर येतो, म्हणून चिठ्ठी, वेळ, कुठला कागद लागेल हे आधी पक्कं करून मगच निघा.

आत गेल्यावर मुलाला मांडीवर घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकलेली, त्याचे पाय तुमच्या गुडघ्यांमध्ये. एका हाताने त्याचे दोन्ही हात मिठीत घ्या, दुसरा हात त्याच्या कपाळावर ठेवा. तुमच्या मिठीत ते अनोळखी माणसाने धरण्यापेक्षा कितीतरी शांत राहतं. डॉक्टरांनी नाकाशी बोलण्याऐवजी मुलाशी बोलावं असं वाटत असेल, तर तुम्हीच सुरुवात करा, "सांग डॉक्टरांना, काय होतं ते." मुलाला काय सांगायचंय ते त्याला सांगू द्या, मध्ये त्याचं वाक्य पूर्ण करू नका. बोट घालण्याचा विषय मात्र त्याच्यासमोर चिडवण्यासारखा काढू नका. चिठ्ठीवर लिहिलेलं पुरे.

डॉक्टर बहुधा मलम किंवा मिठाच्या पाण्याचे थेंब देतील, आणि बऱ्याच मुलांचं तेवढ्याने भागतं. कधी फुटणारी रक्तवाहिनी सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने जाळून बंद करतात. आधी बधिर करणाऱ्या औषधाचा कापूस ठेवतात. तरी थोडं चुरचुरतं, शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. औषध ओठावर लागलं तर काळपट डाग पडतो, तो काही दिवसांत आपोआप जातो. दोन्ही बाजू एकाच वेळी जाळणं टाळतात, कारण मधल्या पडद्याला भोक पडण्याचा धोका असतो. ‘आजच दोन्हीकडे करून टाका, परत यायला नको’ असा आग्रह धरू नका. वारंवार रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन बघायचं का, हे मात्र जरूर विचारा. आणि निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: मलम किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, रात्री रक्त सुरू झालं तर फोन कुणाला करायचा.

मलम लावताना बोट आत खोल घालायचं नाही. वाटाण्याएवढं नाकपुडीच्या तोंडाशी लावा आणि बाहेरून नाक हळूच दाबा, ते आपोआप पसरतं. आठवडाभरात रक्त थांबलं म्हणून मलम मध्येच सोडू नका, आत नवी त्वचा धरायला वेळ लागतो. वहीही चालू ठेवा. फेरतपासणीला ‘आता बरं आहे’ यापेक्षा ‘गेल्या तीन आठवड्यांत एकदाच, चार मिनिटं’ हे उत्तर डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला आणि व्हॅनच्या काकांना दोन मिनिटं वेळ काढून सांगा, आणि जमलं तर नाक कुठे दाबायचं ते त्यांना करून दाखवा: पुढे झुकवा, मऊ भाग दाबा, दहा मिनिटं सोडू नका, आणि वर्गातल्या मुलांना गराडा घालू देऊ नका.